फौजीचं मन आणि फौजीची तब्येत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माजी सैनिकांचा मेळावा असो, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांची अकॅडमी असो की एम.ए.चा वर्ग, मनाच्या ताकदीचा शरीराच्या आरोग्यावर काय परिणाम होतो हा विषय काढला की कोल्हापुरात प्रश्न साधारण तेच येतात. काही शंकेनं, काही भाबडेपणानं, काही सरळ रागानं. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ज्या मुद्द्यांवर सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय, बाकी ठिकाणी दोन ओळींत आटोपलंय.

काय ओ सर, मनाची ताकद म्हणजे नक्की काय? न घाबरणं?

नाही. गोळीबारात न घाबरणारा माणूस संशोधकांना फारसा उपयोगाचा नाही, कारण असा माणूस क्वचितच सापडतो आणि सापडला तर त्याच्याबरोबरच्यांना धोका असतो. मोजल्या जातात त्या गोष्टी साध्या आहेत. आशावाद, राग आणि भीती आवरण्याची क्षमता, चिकाटी, आपण करतो त्या कामाला अर्थ आहे ही जाणीव, आणि अडचणीत हाक मारावी अशी माणसं असणं.

यातला आशावाद समजून घ्यायला भरतीचं उदाहरण बरं. १६०० मीटरची धाव पहिल्या गटात बसायला साडेपाच मिनिटांत संपवायची असते. दोन पोरं दहा सेकंदांनी मागे पडतात. एक म्हणतो, ‘माझ्यात दमच नाही, माझं कुठंच काही होत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘पहिल्या फेरीत उगाच जोर काढला, शेवटी श्वास भरला.’ दोघांची वेळ एकच, पण पहिल्यानं अपयशाचं कारण स्वतःत, कायमचं आणि सगळ्या आयुष्याला लागू होणारं असं शोधलं. दुसऱ्यानं ते तात्पुरतं आणि त्या धावेपुरतं ठेवलं. वाईट घटनेचा अर्थ लावायच्या या सवयीला मानसशास्त्रात स्पष्टीकरणशैली म्हणतात. ‘सगळं चांगलंच होईल’ असं घोकण्याशी तिचा संबंध नाही.

मन मनाच्या जागी. त्यानं रक्तदाब कसा काय बदलेल?

सर्वांत मोठा रस्ता रोजच्या वागण्यातून जातो, आणि तोच बहुतेकांना नीरस वाटतो. उद्यावर भरवसा असलेला माणूस गोळी वेळेवर घेतो, तंबाखू सोडायचा प्रयत्न दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा करतो, पाय सुजला तर दाखवायला जातो. ज्याला ‘आता काय राहिलंय’ असं वाटतं तो यातलं काहीच करत नाही.

दुसरा रस्ता शरीराच्या आतला आहे. धोका दिसला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, नाडी वाढते, साखर रक्तात येते. हे चांगलंच आहे. त्याशिवाय माणूस खंदकातून बाहेर पडणार नाही. प्रश्न येतो तो ही यंत्रणा नंतर शांत झाली नाही तर. महिनोन्‌महिने कॉर्टिसॉल चढा राहिला की पेशी त्याला दाद देईनाशा होतात, दाह आवरला जात नाही, आणि त्याची किंमत रक्तवाहिन्या मोजतात.

अमेरिकेत युद्धकैद्याचं जिणं सोसायला शिकवणारं एक लष्करी प्रशिक्षण असतं. त्यात खोट्या छावणीत उपासमार, जागरण आणि कडक चौकशी होते. २००० साली तिथल्या सैनिकांचं रक्त तपासलं गेलं. स्पेशल फोर्सेसच्या जवानांमध्ये न्यूरोपेप्टाइड वाय हे ताणाला लगाम घालणारं रसायन इतरांपेक्षा जास्त स्रवत होतं, आणि दिवसभरात ते मूळ पातळीवर येत होतं. इतरांचं मात्र मूळ पातळीच्याही खाली गेलेलं होतं. ताण दोघांनाही आला. फरक पडला तो त्यातून सावरताना.

तिसरा रस्ता वेदनेचा. १९४४ मध्ये इटलीतल्या आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञानं गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, दुखण्यावर काही देऊ का? जवळजवळ तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. शहरातल्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झालेले लोक त्याहून छोट्या जखमेला कितीतरी जास्त औषध मागत. बीचरनं लावलेला अर्थ असा, की सैनिकासाठी ती जखम म्हणजे जिवंत घरी जायचं तिकीट होती. जखम त्यानं भरत नाही. पण ती किती दुखते, हे तिच्या अर्थावरही ठरतं.

पुरावा काय? किस्से नकोत, आकडे सांगा.

या प्रश्नाची मी वाटच बघत असतो.

१९४०च्या दशकात हार्वर्डमधून बाहेर पडलेले ९९ तरुण दुसऱ्या महायुद्धानंतर एका अभ्यासात सामील होते. १९४६ मध्ये, पंचविशीत, त्यांनी युद्धातले आपले कठीण प्रसंग लिहून दिले होते. त्या लिखाणातून क्रिस्टोफर पीटरसन, मार्टिन सेलिग्मन आणि जॉर्ज व्हेलंट यांनी प्रत्येकाची स्पष्टीकरणशैली काढली आणि डॉक्टरांनी ठेवलेल्या त्यांच्या तब्येतीच्या नोंदींशी ती ताडून पाहिली. हे काम १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. पंचविशीत निराशेनं लिहिणाऱ्यांची तब्येत पंचेचाळिशीनंतर जास्त ढासळली होती, आणि सुरुवातीचं आरोग्य हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. मधल्या काळात, तिशी-पस्तिशीत, काहीच फरक दिसत नव्हता. तरण्या जवानाकडे बघून ‘याला काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

बोस्टनमध्ये माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्यानं सुरू केलेला पुरुषांचा एक दीर्घकालीन अभ्यास आहे. त्यातल्या १३०६ जणांवर सरासरी दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००१ मध्ये लॉरा कुबझान्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडलं की सर्वांत आशावादी गटाचा हृदयविकाराचा धोका सर्वांत निराशावादी गटाच्या निम्म्याहूनही कमी होता. याच अभ्यासातले १४२९ पुरुष आणि अमेरिकेतल्या सुमारे ७० हजार परिचारिका यांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये आयुर्मान पाहिलं गेलं. सर्वांत आशावादी लोकांचं आयुष्य सरासरी ११ ते १५ टक्के जास्त निघालं. धूम्रपान, व्यायाम, आहार, दारू यांचा हिशेब घातल्यावर हा फरक कमी झाला, पण संपला नाही.

उलट्या बाजूचा पुरावाही आहे आणि मला तो जास्त भक्कम वाटतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात असलेल्या जुळ्या भावांचा अमेरिकेत एक नोंदपट आहे. त्यातल्या ५६२ जणांचा व्हायोला वॅकारिनो यांच्या गटानं १३ वर्षांच्या अंतरानं अभ्यास केला. युद्धाच्या आघातानंतरचा मानसिक आजार, म्हणजे पीटीएसडी, ज्यांना होता त्यांच्यात हृदयविकार २२.६ टक्के निघाला, नसलेल्यांत ८.९ टक्के. एका भावाला आजार आणि दुसऱ्याला नाही अशा जोड्यांतही फरक राहिला. जुळ्यांची जनुकं आणि बालपण सारखं असल्यामुळे ‘घराण्यातच असेल’ ही पळवाट इथे बऱ्यापैकी बंद होते.

तब्येत चांगली म्हणून मन प्रसन्न, असं उलटं असलं तर?

असू शकतं, आणि बऱ्याचदा असतंच. गुडघा गेलेला हवालदार उदास आहे, तर गुडघ्यामुळे उदास आहे की उदासीमुळे व्यायाम सुटून गुडघा गेला? एकदाच प्रश्नावली भरून हे कधीच कळत नाही. ब्रिटनमध्ये सात लाखांहून अधिक मध्यमवयीन स्त्रियांचा अभ्यास २०१५ च्या अखेरीस आला. त्यात आधीच्या आजारपणाचा हिशेब घातल्यावर सुखी आणि दुःखी स्त्रियांच्या मृत्युदरात काहीच फरक उरला नाही. आमच्या क्षेत्रातल्या उत्साही मंडळींना हा निकाल पचला नाही. टीका अशी झाली की सुख एकाच प्रश्नावर मोजलं होतं, आणि तब्येत कशी वाटते हे विचारून तिचा हिशेब घालणं म्हणजे जे शोधायचं तेच पुसून टाकणं. टीकेत तथ्य आहे. पण पुढे ज्यांनी आशावादावर अभ्यास केले त्यांना आधीचे आजार काटेकोर मोजावे लागले, ते या निकालाच्या दडपणामुळेच.

अमेरिकन सैन्यानं मनाची ताकद वाढवायचा मोठा कार्यक्रम काढला होता म्हणे. त्याचं काय झालं?

इराक आणि अफगाणिस्तानच्या फेऱ्यांनी सैन्य पिचलं होतं. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल जॉर्ज केसी यांनी वर उल्लेख आलेले मानसशास्त्रज्ञ सेलिग्मन यांना बोलावलं आणि २००९ मध्ये संपूर्ण सैन्यासाठी कार्यक्रम सुरू झाला. प्रमुख होत्या ब्रिगेडियर जनरल रोंडा कॉर्नम. त्या लष्करी डॉक्टर. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं, दोन्ही हात मोडले आणि त्या इराकच्या कैदेत राहिल्या. प्रत्येक सैनिकानं १०५ प्रश्नांची चाचणी भरायची, आणि सार्जंटना खास शिकवून त्यांच्याकरवी जवानांना शिकवायचं, अशी रचना होती.

कार्यक्रमापेक्षा त्यातून जमलेली माहिती मोलाची ठरली. चाचणीची उत्तरं आणि सैनिकांच्या आरोग्याच्या नोंदी, ओळख काढून टाकून, जोडता येऊ लागल्या. लढाईवर जायच्या आधी माणूस कसा होता हे कळणं हाच यातला मोठा लाभ. २०१९ मध्ये ७९,४३८ सैनिकांचा अभ्यास आला. अडचण आली की थेट सर्वनाशापर्यंत विचार नेणाऱ्यांना नंतर पीटीएसडी होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा २९ टक्क्यांनी जास्त होतं. एकूण प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं, तेव्हा २९ टक्के हा आकडा ऐकून दचकू नये. शंभरातले पाच जाऊन सहा-साडेसहा होतात, इतका त्याचा अर्थ.

टीका झाली ती प्रशिक्षणावर. तुलनेसाठी नीट गट न ठेवता ते लाखोंना लागू केलं, परिणाम जेमतेम दिसले आणि तरी यश म्हणून सांगितले गेले, असं अनेक मानसशास्त्रज्ञांनी लिहिलं. काहींना तर तत्त्वच खटकलं. युद्ध लांबवायचं आणि ते सोसायची जबाबदारी सैनिकाच्या मनावर टाकायची, हे कसं? माझं मत त्यांच्याकडे झुकतं. आधी मोजणं आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करणं ही पद्धत घेण्यासारखी आहे. सगळ्यांना सक्तीचे वर्ग मात्र नकोत.

आपल्या सैन्यात असं काही होतं का?

होतं, पण वेगळ्या दिशेनं. अधिकारी निवडताना एसएसबीत, म्हणजे निवड मंडळाच्या चाचणीत, शब्द दाखवून वाक्य लिहायला लावतात, चित्रावरून गोष्ट लिहायला सांगतात. या चाचण्यांमागे दिल्लीची संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था, डीआयपीआर, आहे. शेजारीच शरीरक्रियाशास्त्राची संस्था डिपास आहे. उंचीवरची हवा, थंडी, योगाचा जवानांवरचा परिणाम यांवर तिचं बरंच काम झालंय. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, आहेच. मन आणि शरीर या दोन्ही बाजू जवानाच्या उभ्या आयुष्यभर एकत्र बघणं मात्र सामान्य संशोधकाच्या आवाक्याबाहेर राहतं, कारण नोंदी सैन्याच्या ताब्यात असतात. त्या तशा असण्याला कारणंही आहेत.

मग असा अभ्यास कोल्हापुरातच का करायचा?

कारण इथे माणसं आहेत. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीच्या नावातच ते आलंय. गडहिंग्लज-चंदगड पट्ट्यात पेन्शनवर आलेला फौजी नाही असा वाडा शोधावा लागेल. संस्थानच्या काळातली राजाराम रायफल्स पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची १९ वी बटालियन झाली आणि तिच्या नावात कोल्हापूर राहिलं. टेंबलाई टेकडीवर टेरिटोरियल आर्मीची १०९ बटालियन आहे. भरती कार्यालय कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा एवढा मुलूख बघतं.

संशोधनाच्या दृष्टीनं दोन गोष्टी खास. टेरिटोरियल आर्मीतला जवान आधी शेतकरी, दुकानदार किंवा नोकरदार असतो, मग बोलावणं येतं, मग परत येतो. एकाच माणसाची आधीची, मधली आणि नंतरची तब्येत बघता येते. दुसरं म्हणजे इथल्या घरांत एक भाऊ फौजेत आणि एक रानात, असं चित्र सर्रास असतं. आईवडील एक, अन्न एक, पाणी एक, आणि आयुष्यं निराळी. तुलनेला याहून चांगली जोडी कुठली मिळणार?

एक सावधगिरी मात्र ठेवावी लागते. फौजी आणि बिगरफौजी यांची सरळ तुलना करून ‘सैन्यात गेलं की तब्येत सुधारते’ म्हणणं चूक. मेडिकलमध्ये नापास झालेले आधीच गाळले गेलेले असतात. फौजेतला भाऊ मुळातच जास्त धट्टाकट्टा असल्यामुळे निवडला गेला असेल. म्हणून भावाची तुलना करताना दोघांची अठराव्या वर्षीची तब्येत कशी होती हे आईला विचारावं. आया हे विसरत नाहीत.

फौजी खरं सांगतील का? विचारलं की ‘सब ठीक है’ म्हणतात.

म्हणणारच. नोकरीत असलेल्या जवानाची तब्येत ‘शेप’ या श्रेणीत मांडली जाते आणि त्यातलं पहिलं अक्षर मानसिक अवस्थेचं असतं. ‘शेप वन’ ही पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी सुटली, खालची म्हणजे लो मेडिकल कॅटेगरी लागली, की बढती, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर सावट येतं. अशा माणसासमोर ‘तुम्हाला निराश वाटतं का?’ असा कागद ठेवून खरं उत्तर मागणं हा आपलाच बावळटपणा.

म्हणून विचारायची पद्धत बदलावी लागते. रात्री किती वाजता जाग येते? पुन्हा झोप लागते का? गेल्या महिन्यात किती वेळा आवाज चढला, आणि कोणावर? पलटणीतल्या किती जणांचे नंबर तोंडपाठ आहेत? दुखलं तर कोणाला आधी सांगता? याची उत्तरं फौजी मोकळेपणानं देतो, कारण त्यात कमजोरीचा शिक्का नाही. आणि नुसत्या बोलण्यावर विसंबायचं नाही. रक्तदाब, कंबरेचा घेर, तीन महिन्यांची सरासरी साखर, सकाळची नाडी, पकडीची ताकद मोजायची. पकड मोजायचं यंत्र काढलं की तालमीत गेलेली म्हातारी माणसंही हौसेनं पुढे येतात, दोनदा-तीनदा दाबून बघतात आणि शेजाऱ्याचा आकडा विचारतात. कोल्हापुरात याहून चांगलं आमिष नाही.

माझ्या उत्तरांचा कागद पलटणीत किंवा पेन्शन कार्यालयात जाईल का?

जाता कामा नये, आणि जाणार नाही अशी व्यवस्था दाखवता येत नसेल तर भाग घेऊ नका. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०१७ च्या नियमावलीनुसार वरिष्ठांच्या हुकमाखाली असलेले लोक, सैन्यदलातले त्यात आले, खास संरक्षणाचे मानकरी आहेत. साहेबांनी सांगितलं म्हणून दिलेली संमती ही संमती नव्हे. नाव आणि उत्तरं वेगळी ठेवली जातात का, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, मधेच बाहेर पडता येतं का, हे तीन प्रश्न विचारा. संशोधक चिडला तर तेच उत्तर समजा. नोकरीतल्या जवानांवर अभ्यास करायला सैन्याची परवानगी लागते, ती सहज मिळत नाही. म्हणूनच इथले बहुतेक विद्यार्थी माजी सैनिकांकडे वळतात.

एम.ए.च्या प्रबंधासाठी चाळीस फौजींची प्रश्नावली पुरेल?

नाही पुरणार. मन आणि शरीर यांतला संबंध खरा असला तरी क्षीण असतो. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात ते सांगणारा आकडा, ०.३ असेल तर तो पकडायला सुमारे ८५ जण लागतात, ०.१ असेल तर जवळजवळ ७८०. चाळीस जणांत जे काही ‘सिद्ध’ होतं ते बहुतेक योगायोगानं. त्यापेक्षा बारा माणसांच्या सविस्तर मुलाखती घ्या, तासन्‌तास ऐका, आणि प्रबंधाच्या नावातून ‘परिणाम’ हा शब्द काढून टाका. किंवा पाच विद्यार्थी मिळून एकच प्रश्नावली वापरा आणि पुढच्या तुकडीला वारसा द्या. विभागांना हे पटवणं फौजींना बोलतं करण्यापेक्षा अवघड जातं.

पेन्शनवर आल्यावर दोन वर्षांत साखर, बीपी सगळं मागे लागतं. हे मनाचं का?

थोडं मनाचं, पुष्कळसं दिनक्रमाचं, आणि या दोन्हींच्या मधे माणसं.

शिपाई किंवा नाईक पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. सकाळची पीटी बंद होते, भूक तेवढीच राहते. त्यात पाहुण्यांकडे जत्रा, तांबडा-पांढरा, आणि कॅन्टीनच्या दारूचा कोटा. मग गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत नाइट ड्यूटीची सुरक्षारक्षकाची नोकरी. वर्षानुवर्षं पहाटे उठलेलं शरीर आता पहाटे झोपायला जातं. नुसतं एवढंच धरलं तरी साखर वाढायला पुरेसं आहे.

पण त्याचबरोबर पलटणही सुटलेली असते. बडी म्हणजे जोडीदार, लांगरी म्हणजे स्वयंपाकी, रगडा देणारे उस्ताद, सगळ्यांनी एकत्र जेवायचा बडाखाना, मंदिर परेड. ज्यांच्याबरोबर एका तंबूत झोपलो ती माणसं आता नुसत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जय हिंद’ टाकतात. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली गेली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त होती. परिणामाचं हे प्रमाण सिगारेट सोडण्याच्या तोडीचं आहे. माझा या सगळ्या वाचनातून झालेला समज असा, की आपण ज्याला जवानाची मानसिक ताकद म्हणतो तिचा बराचसा भाग त्याच्या एकट्याच्या डोक्यात नसतो. तो पलटणीनं धरून ठेवलेला असतो, आणि गाडी कोल्हापूर स्टेशनात लागली की मागे राहतो. गावात पहाटे चार फौजी एकत्र चालायला जात असतील, तर त्या चालण्यातला ‘एकत्र’ हा भाग मोजायला हवा. तो अजून फारसा कुणी मोजलेला नाही.

आणि घरच्या बाईचं काय?

हा प्रश्न नेहमी मागच्या रांगेतून येतो, आणि बहुतेक वेळा सभा संपल्यावर. नवरा सीमेवर असताना सासूचं दुखणं, पोरांची शाळा, उसाचं बिल, बँक हे सगळं जिनं निभावलं तिच्या रक्तदाबाची नोंद कुठेच नसते. नवरा परतल्यावर घरात पुन्हा हुकूम कोणाचा, यावरून ताण येतो तो वेगळाच. माजी सैनिकांचं शिबिर भरवणाऱ्यांना माझी एकच विनंती असते. खुर्च्या दोन मांडा, आणि बीपी दोघांचं घ्या.

अग्निवीरांचं वेगळं आहे का?

वेगळं असणार असं मानायला जागा आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेला मुलगा शेजारच्या मुलाकडे बडी म्हणून बघतो की स्पर्धक म्हणून? योजना २०२२ ची आहे, तेव्हा यावर ठामपणे बोलायची घाई करू नये. पण भरतीला जायच्या आधीच्या नोंदी आत्ताच कुणी ठेवल्या नाहीत, तर दहा वर्षांनी पस्तावायला होईल.

चिकाटी शिकवता येते का? अकॅडमीवाले तर तेच विकतात.

ती असली की फायदा होतो, हे दिसलंय. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या ११ हजारांहून अधिक कॅडेटांच्या अभ्यासात पहिल्या उन्हाळ्यातलं खडतर प्रशिक्षण कोण पुरं करणार हे चिकाटीवरून चांगलं सांगता आलं. परीक्षेतले गुण मात्र बुद्धीवरून. पण असलेली चिकाटी मोजणं आणि नसलेली निर्माण करणं यांत अंतर आहे. दुसऱ्याचा पुरावा तुटपुंजा आहे. अकॅडमीवाल्यांनी पोरांना आठ तास झोपू दिलं आणि घोट्याच्या दुखापतीवर पळवलं नाही, तरी पुष्कळ झालं.

देवधर्मानं फरक पडतो का?

नियमानं मंदिरात, मशिदीत, भजनात जाणाऱ्यांची तब्येत सरासरीनं बरी असते, असं अनेक अभ्यासांत आलंय. त्यातलं श्रद्धेचं किती, सोबतीचं किती आणि व्यसनापासून लांब राहण्याचं किती, ते वेगळं काढणं अवघड. जोतिबाचा डोंगर दर रविवारी चढणाऱ्याला व्यायामही होतो, हे धरून चला.

म्हणजे ज्याला हार्ट ॲटॅक आला तो मनानं कमकुवत होता?

नाही. एका वीरपत्नीनं हा प्रश्न विचारला होता, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. वर दिलेले सगळे आकडे हजारो माणसांच्या गटांचे आहेत. एका माणसाबद्दल ते काहीही सांगत नाहीत. अत्यंत आशावादी माणसाला पन्नाशीत झटका येतो आणि आयुष्यभर कुरकुरणारा नव्वदी गाठतो, हे प्रत्येक गल्लीत दिसतं. आनुवंशिकता, डोंगरावरची वर्षं, धूर, मीठ, जागरण, वेळेवर न मिळालेला दवाखाना ही कारणं पुष्कळ मोठी आहेत. मनाच्या ताकदीचं संशोधन ‘तूच कमी पडलास’ म्हणायला वापरलं जात असेल, तर ते बंद केलेलं बरं. आणि पीटीएसडी, नैराश्य यांवर उपचार आहेत. त्यांच्या जागी चिकाटीचे धडे देणं हा गुन्हाच.

मग मदत लागली तर जायचं कुठं?

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्यात एएफएमसीत २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. माजी सैनिकांना ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक कोल्हापुरातच आहे, तिथून पुढे पाठवतात. कार्ड नसलेल्या भावाबहिणींसाठी सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना. डॉक्टरकडे छातीत धडधड म्हणून गेलात तर झोपेचंही सांगा. ईसीजी चांगला आला म्हणून उठून येऊ नका.

आमच्या आजोबांची लढाईतली पत्रं ट्रंकेत आहेत. त्यांचा काही उपयोग?

फार मोठा. हार्वर्डच्या अभ्यासात जे झालं तेच इथे करता येईल : तरुणपणी लिहिलेल्या मजकुरातून माणूस अपयशाचं कारण कसं सांगतो ते काढायचं, आणि पुढचं आयुष्य, आजार, मृत्यूचं वय घरच्यांकडून मिळवायचं. अडचणी आहेत. आघाडीवरची पत्रं सेन्सॉरच्या हातून जात, म्हणून बरंच लिहिलंच जात नसे. अनेकांची पत्रं दुसऱ्यानं लिहून दिलेली असत, आणि मग आशावाद कोणाचा, आजोबांचा की लेखनिकाचा, हे ठरवावं लागतं. हस्ताक्षर एकच आहे का, ते आधी बघा. पत्रं लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकीट टाकू नका कारण तारीख आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का त्यावरच असतो. आणि आजोबांना कुठला आजार कोणत्या साली झाला हे आजीला, आत्याला विचारून आत्ताच लिहून ठेवा.